मागच्या सीटवरचं वजन

काचेच्या आवाजावर उपाय विचारणारी माझी पोस्ट ह्या ग्रुपवर बऱ्याच जणांनी वाचली असेल. टूरिंगची मोटरसायकल, समोर उंच काच, ऐंशीच्या पुढं गेलं की हेल्मेटमध्ये घर्रर्र... डोकं उठायचं अक्षरशः. तुम्ही भरभरून उत्तरं दिलीत. अजूनही कुणी ना कुणी विचारतंच – "साहेब, झालं का काम?" झालं. कारण सापडलं, उपायही सापडला. पण तो मी केलेला नाही आणि करणारही नाही. का, ते एकदाच सांगतो. पुन्हा विचारू नका.

मी निपाणीजवळच्या बोरगावचा. एका वर्कशॉपमध्ये मशीनच्या पार्टची तपासणी करतो. माप चुकलं की माल परत – घरातसुद्धा माझा स्वभाव तोच. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला आजवर "गप रं" म्हणूनच उठवलंय. त्यात आम्ही जैन. आमच्यात श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही. देह सुटला की जीव त्याच क्षणी पुढच्या जन्माला लागतो, मागं रेंगाळत नाही. म्हणजे शिक्षण आणि धर्म, दोन्हीकडून मला भूत वर्ज्य.

गाडी घेतली लडाखला जायचं म्हणून. लडाख राहिलं लडाखच्या जागी. घेतली न घेतली तोच माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, कॅन्सर निघाला, आणि गाडीची सगळी टूर बोरगाव ते बेळगावचं हॉस्पिटल अशी झाली. आक्का नवरा वारल्यापासून आमच्याकडंच. मला तिनंच कडेवर वाढवलेलं. तिला बस लागायची, कारसुद्धा लागायची. "वाऱ्यावर बरं वाटतं रं भरत, गाडीवरनंच ने," म्हणायची. जन्मभर साडी नेसलेली बाई, ड्रेस घालून दोन्हीकडं पाय टाकून बसायला शिकली. पहिल्या दिवशी हेल्मेट घालून आरशात बघितलं आणि स्वतःच हसली. "बघ की, पोलीसबाई झाले मी!"

येताना ऊन कललं की माझ्या पाठीत एक बोट टोचायचं. "थांब रं, जेवून घेते." सूर्यास्तानंतर आक्का तोंडात काही घ्यायची नाही, आजारातही नाही. मग संकेश्वरच्या पुढं एका चिंचेखाली थांबायचं, तिनं डब्यातला ताकभात चार घास खायचा. पुढं घाटात आमचं स्तवनिधीचं मंदिर आलं की मी गाडी हळू करायची, तिनं मागनं हात जोडायचे. "झालं, चल" म्हटलं की पुन्हा वेग. आमच्या सगळ्या फेऱ्या अशाच.

ह्या उन्हाळ्यात आक्का गेली.

सुतक फिटल्यावर वर्कशॉपच्या कामासाठी बेळगावला निघालो, आणि तो आवाज पहिल्यांदा ऐकला. त्याआधी हायवेला मी एकटा कधी गेलोच नव्हतो. घरी रडू येत नव्हतं, त्यामुळं असेल, त्या आवाजाच्या मात्र हात धुऊन मागं लागलो. काचेच्या खालच्या फटीला टेप लावली – फरक नाही. दुसरं हेल्मेट घातलं – तेच. चालत्या गाडीवर उभा राहिलो – आवाज बंद. काच काढूनच चालवली – आवाज बंद. म्हणजे काचेवरून उडालेला वारा नेमका माझ्या डोक्यावर आदळत होता. पण मग आक्का असताना का नाही?

ह्याचं उत्तर शीतलमुळं मिळालं. शीतल माझा दोस्त. आमच्याकडं हे बाप्यांचं नाव असतं, हसू नका. आवाज ऐकायला म्हणून तो मागं बसला.

"कुठाय रं आवाज?" तो ओरडला. "मला तर तुझीच कटकट ऐकू याय लागल्या!"

आवाज नव्हताच. मागं वजन बसलं की मागचा शॉकअप दबतो, गाडीचं नाक वर येतं, काच मागं कलते आणि वारा डोक्यावरून निघून जातो. काखेत कळसा नि गावाला वळसा! आक्का बसली की आरशातसुद्धा फरक पडायचा. मागचा रस्ता, आभाळ काही दिसायचं नाही, चाकामागचं डांबर तेवढं दिसायचं. मी दर वेळी आरसे वर करून घ्यायचो. हे सगळं हातानं करत होतो, आणि डोक्यात शिरलं नव्हतं.

शीतलला रोज कुठं बसवून फिरवणार? म्हशीच्या पेंडीचं एक पोतं मागच्या सीटवर बांधलं. गाडी शांत. शेवटी शेवटी आक्का त्या पोत्याएवढीही उरली नव्हती.

चार-पाच फेऱ्या अशा झाल्या. मग एकदा आई दारात आली आणि बघतच राहिली.

"माझ्या लेकीच्या जागेवर पोतं बांधून फिरतोस व्हय रं?"

"आवाज जातोय त्यानं, आई."

"खोटं बोलू नगं. मला काय कळत न्हाय व्हय? जीव जातो तो गेला. त्याला असं मागं बांधून ठेवायचं नसतंय. सोड ते."

तिनं बरोबर पकडलं होतं. संकेश्वर आलं की मी त्या पोत्याला "आक्का, ऊन कललं गं" म्हणायला लागलो होतो. त्याच दिवशी पोतं सोडलं, आरसे पुन्हा एकट्याचे करून घेतले आणि ठरवलं – काचेखाली रबरी वॉशर घालून तीच कायमची मागं कलती करायची. इथल्याच एका भावानं सुचवलेला उपाय.

वॉशर बेळगावात मिळाले. खिशात टाकून दुपारचा परत निघालो. एकटा, मागची सीट मोकळी. काकती, हत्तरगी... आवाज होताच. संकेश्वरच्या पुढं ऊन कललं. पाठीत बोट टोचलं असं मी सांगणार नाही, खोटं कशाला बोलू. सवयीनं चिंचेखाली थांबलो, पाणी प्यायलो, निघालो.

ऐंशी. नव्वद. आवाज नाही.

आधी बरं वाटलं. मग तपासणीची खोड जागी झाली. वारा मागून असेल म्हणून शेतातल्या उसाच्या तुऱ्यांकडं बघितलं – ते माझ्याच दिशेनं झुकलेले, वारा समोरूनच होता. आरशात बघितलं. आभाळ नव्हतं, मागच्या गाड्या नव्हत्या. चाकामागचं डांबर. दोन्ही आरशांत. पुढं एका उंचवट्यावर गाडी मागनं कशी बसली, ते हाताला, कमरेला कळलं. दोघांची बसते तशी बसली.

मागं वळून बघायचं धाडस झालं नाही. नाही – धाडस नव्हे. बघितलं आणि कुणी नसलं तर? ती भीती होती. "आक्का, वेळेत पोचवतो गं," एवढं मी मोठ्यानं बोललो, आणि महिनोन्महिने न आलेलं रडू हेल्मेटमध्ये आलं. हेल्मेटची काच धुरकटली. तसाच चालवत राहिलो. तो रस्ता संपू नये असं वाटत होतं.

घाटात स्तवनिधी आलं. हळू केली. हात जोडायला लागतो तेवढा वेळ दिला. मग वेग घेतला आणि... घर्रर्र. आरशात मागचा सगळा घाट, वर आभाळ.

नंतर शीतलनं शॉकअप बघितला, चाकातली हवा बघितली, आरशांचे नट बघितले. सगळं घट्ट, सगळं मापात. त्याच रस्त्यानं, त्याच वेळेला, तशाच वाऱ्यात पुन्हा कितीदा चालवून बघितली. आवाज येतोच. माझ्याकडं कारण नाही. तुमच्यातल्या कुणाकडं असलं तर असू द्या तुमच्यापाशी.

त्या दिवशी घरी आल्या आल्या आईला सगळं सांगितलं. शिव्या खायची तयारी होती. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"स्तवनिधीपातूर होती?"

"व्हय."

"पाया पडली आसंल... आणि गेली." मग हात पुढं केला. "ते वॉशर दे हिकडं."

दिले. तिनं ते आक्काच्या ताकभाताच्या डब्यात टाकले, झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवला.

"काच हलवू नगंस," म्हणाली.

आता मी बेळगावहून आलो की आई दारात असते. गाडी बंद व्हायच्या आत विचारते, "आवाज हाय का रं?"

"हाय, आई."

"बरं झालं," म्हणते. आवाज आहे म्हणजे लेक सुटली, पुढं गेली; आमच्या धर्मानं असंच व्हायला पाहिजे. असं म्हणते, आणि पदर डोळ्याला लावून आत जाते. मीही हेल्मेट लगेच काढत नाही.