चपलांचं कपाट

दारात बसणाऱ्या माणसाकडे किस्से जमतात, पायपुसण्यात खडे जमतात तसे. झटकले तरी चार-दोन राहतातच. खोलीच्या आत कोण काय बोलतं ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी सांगितलं नसतं. मी उंबरठ्याच्या अलीकडचं सांगतो. नाव फक्त यशवंतचं घेणार, कारण त्याला विचारलंय.

*

बदलापुरात हेंद्रेपाड्याला विहाराच्या मागे एक खोली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे एक मॅडम बसतात. मन ठिकाणावर नसेल त्याने यावं, बोलावं. फुकट.

पहिला महिनाभर कुणी फिरकलं नाही. मी समोरून जाता-येता बघायचो. एक दिवस आत गेलो आणि तोंडावर सांगितलं, "बाई, बोलून काय होतं? उगाच लाइट जाळताय."

मला वाटलं, चिडेल. तिने खुर्ची पुढे केली. "काका, लोक का येत नसतील?"

मी म्हणालो, "चपला!"

तिला कळेना. मग समजावलं. आमच्या गल्लीत माणूस चपलेवरून ओळखतात. पायरीवर चपला दिसल्या की संध्याकाळपर्यंत बोभाटा, अमक्याची सून येडी झाली.

शुक्रवारी एक जुनं लोखंडी कपाट आलं. दाराच्या आतल्या बाजूला ठेवलं, शेजारी एक स्टूल. मॅडमने किल्ली माझ्या हातात दिली. "हे खातं तुमचं."

मी पाचवी शिकलेला. मोरिवलीच्या कारखान्यात तीस वर्षं प्रेस मशीन चालवलं. तिथे एकाही इंजिनिअरने मला कधी काही विचारलं नाही. ह्या पोरीने विचारलं, आणि ऐकलंही!

*

पहिल्या काही दिवसांत एक गंमत कळली. स्वतःसाठी कुणी येतच नाही. सगळे दुसऱ्यासाठी येतात. कुणी शेजारणीसाठी, कुणी ऑफिसातल्या मित्रासाठी.

एक बाई जावेसाठी यायची. जावेला झोप नाही, जावेला रडू येतं. तीन वेळा आली. मॅडम तिला दारापर्यंत सोडायला यायच्या, एकदाही टोकलं नाही. जावेची चौकशी तेवढ्याच मायेने केली.

चौथ्या वेळी बाईने चपला माझ्याकडे दिल्या आणि खाली बघत म्हणाली, "काका, जाऊ आता बरी आहे. आज मी आलेय."

*

उल्हासनगरचा एक कापडवाला सिंधी शेठ आला. तिकडे सगळे ओळखतात म्हणून इतक्या लांब. दारातच अडला. "फ्री में? माल में डिफेक्ट है क्या?"

मी म्हणालो, "साईं, माल तुम्हारा है. हम सिर्फ सुनते हैं."

"दस मिनट," म्हणून बूट काढले. तासाने बाहेर आला. डोळे लाल. बूट घालताना म्हणाला, "चालीस साल गिराक की सुनी, काका. आज पहली बार किसी ने मेरी सुनी!"

*

जवळच्या गावचा एक म्हातारा शेतकरी. कुणीतरी त्याला सांगितलं, तिथे तपासणी होते. तर हा एक्स-रे, शुगरचे रिपोर्ट सगळं पिशवीत भरून हजर. दारातच मॅडमपुढे बाही वर करून हात समोर धरला. "बाय, सकालपासून कायच खाल्लं नाय. उपाशीपोटी आलोय. घे रगत."

मी हसणार होतो. मॅडमने हसू दिलं नाही. पुढे केलेला हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "आधी चहा घेऊ, आजोबा."

चहा-बिस्किटं झाली, मग बोलणं.

पुढच्या मंगळवारी पुन्हा उपाशी! मी दरडावलं, "आजोबा, सांगितलं ना, इथे रक्त काढत नाहीत?"

"म्हाईत हाय रं," म्हातारा म्हणाला. "पन घरी कोन विचारतंय, खाल्लंस का!"

*

एक नवरा आला तावातावाने. "माझी बायको इथे येते. काय बोलते ते मला कळलं पाहिजे. माझा हक्क आहे!"

मी उठलो. मॅडमने मला हाताने बसवलं. आवाज तसाच, थंड. "तुमचा हक्क शुक्रवारी पाच वाजता आहे. तुम्ही या, बोला. तेसुद्धा मी कुणाला सांगणार नाही."

आला! शुक्रवारी पावणेपाचलाच.

*

आता यशवंत.

मोरिवलीत माझ्या शेजारच्या मशीनवर होता. तीस वर्षं एका डब्यातून जेवलो. त्याची बायको गेली आणि हा गप्प झाला. एक दिवस मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात ठेवलं. चावीचं, लग्नातलं. "ठेव तुला. मला आता काय करायचंय?"

मी खुळ्यासारखं खिशात टाकलं.

बोलता बोलता मॅडमला सांगितलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "काका, माणूस जवळच्या वस्तू वाटायला लागला की त्याला एकटं सोडायचं नाही. आणि सरळ विचारायचं, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का. विचारल्याने वाईट होत नाही."

मी तडक गेलो. विचारलं. यशवंतने भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाला, "येतं."

त्याच्या मुलाला सांगितलं. त्याने रजा टाकली. मी सकाळ-संध्याकाळ जायला लागलो. मॅडम दोनदा घरी येऊन गेल्या, पण हा मोरीत जाऊन कडी लावायचा. खोलीवर चल म्हटलं की एकच, "लोक म्हणतील, यशवंत येडा झाला."

"अरे, कपाट आहे!"

"कपाटात चपला जातात. माणूस आत जाताना दिसतोच ना."

तरी मुलाबरोबर यायचा. समोरच्या टपरीपर्यंत. कटिंग प्यायचा, दाराकडे बघायचा, परत जायचा. असे तीन मंगळवार. त्याचं घड्याळ माझ्या खिशात. मी रोज चावी द्यायचो.

चौथ्या मंगळवारी संध्याकाळी टपरीवर गर्दी होती. यशवंत तिथेच, मुलगा शेजारी. मी उठलो. माझ्या चपला टायरच्या तळाच्या, अख्खा हेंद्रेपाडा त्यांचा आवाज ओळखतो. त्या काढल्या आणि पायरीच्या मधोमध ठेवल्या. कपाटाची किल्ली खिळ्याला अडकवली आणि आत जाऊन मॅडमच्या समोर बसलो.

"काका, काय झालं?"

"काही नाही. बोलायचंय," मी म्हणालो.

आणि बोललो. काय, ते सांगणार नाही. नियम सगळ्यांना सारखा.

बऱ्याच वेळाने बाहेर आलो. पायरी रिकामी! माझ्या स्टुलावर यशवंत बसला होता, हातात किल्ली.

"माझ्या चपला?"

"कपाटात ठेवल्या. सगळी टपरी बघत होती. काय अक्कल आहे का तुला?"

मग उठला. स्वतःच्या चपला काढल्या. मी कपाट उघडायला किल्ली मागितली, तर म्हणाला, "राहू दे बाहेर." पायरीच्या मधोमध नीट जोडून ठेवल्या. दाराशी वळला आणि माझ्यापुढे हात पसरला.

"घड्याळ दे इकडे. बाई किती वेळ घेते ते बघतो."