दाराच्या पट्टीवरचं कुंकू

पंखा फिरत होता, दिवा लागला होता, सावंतकाका लिफ्टमध्ये व्हीलचेअरवर तयार बसले होते. लिफ्ट तेवढी हलत नव्हती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, ठाकुर्लीची सहा मजली सोसायटी, आणि सहाव्या मजल्यावरच्या काकांना डायलिसिसला जायचं होतं. मी लिफ्टचा सर्व्हिस इंजिनियर. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून आधीच वैतागून पोचलो होतो.

"लाइट आहे, पंखा आहे, मग लिफ्टलाच काय धाड भरलीय?" सेक्रेटरी पाटकरांनी विचारलं.

"त्यांचं वायरिंग वेगळं असतं."

लिफ्टला एक सेफ्टी सर्किट असतं. प्रत्येक मजल्याच्या दाराला तांब्याची पट्टी, म्हणजे कॉन्टॅक्ट. दार लागलं की कॉन्टॅक्ट जुळतो आणि करंट पुढच्या दाराकडे जातो. सगळी दारं ओलांडून तो परत कंट्रोलरला पोचला, तरच मोटर सुरू होते. एक दार उघडं राहिलं की संपलं. म्हणून तर लोक जिन्यातून "दार लावा" असं बोंबलतात.

पाटकरांनी सगळी दारं ढकलून पाहिली होती. सगळी बंद.

"वायर टाकून डायरेक्ट करा ना. एकच फेरी!"

"मग दार उघडं असलं तरी लिफ्ट चालेल. काकांचा पाय दारात असला तरी."

"अहो, पण डायलिसिस चुकलं तर ह्यांना श्वास घेता येत नाही," सावंतकाकू म्हणाल्या.

मीटर घेऊन खालून एकेक कॉन्टॅक्ट तपासत वर आलो. पाचव्यापर्यंत ठीक. सहाव्याचं दार बंद, पण करंट पुढे जात नव्हता. मेन बंद करून दार उघडलं. पट्टीवर हळदीकुंकवाचा जाड थर. काल ओलं होतं तोवर कसंबसं भागलं. रात्रीत वाळलं आणि करंट अडला.

"ही पूजा कोणी केली?"

"मी," काकू म्हणाल्या. "रोज ह्यांना खाली नेते बिचारी. म्हटलं, दसरा आहे, हिचीही करावी. ती पट्टी चकचकीत दिसली, वाटलं हेच मुख्य असेल."

मुख्य तेच होतं. पाटकरांना मी हे दर सर्व्हिसिंगला समजावतो.

पट्टी पुसली, पॉलिशपेपरने घासली, मेन चालू केला. काकू आत शिरल्या तसे काका म्हणाले, "आता लांबूनच नमस्कार कर. हात लावू नकोस."

दार लागलं. लिफ्ट निघाली. डायलिसिसला उशीर झाला, पण झालं.

हल्ली दसऱ्याच्या आधी मी सगळ्या सोसायट्यांना एकच सांगतो. पूजा अवश्य करा, पण दार लावून, बाहेरून.