जावयाच्या विमानातला नारळ

आता चहा ओतलाच आहे तर ऐका. माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ घोळ झाले, पण ते सगळे जमिनीवर. हा एकच हवेत झाला, आणि त्यात मी माझ्या पोरीचा बाप आणि नवरा दोन्ही एका दमात संपवणार होतो.

आमचे जावई प्रशांतराव विमान चालवायला शिकवतात. छोटंसं, दोन माणसांचं विमान. पोरीला सातवा महिना लागला होता. एका रविवारी जावई म्हणाले, "चला मामाजी, तुम्हाले नागपूर वरून दाखवतो." जावयाला नाही म्हणायची सोय असते का?

निघताना आमच्या हिनं कापडी पिशवीत नारळ घातला. "जावयाच्या गाडीत पहिल्यांदा बसून राहिले तुम्ही. उतरले की चाकासमोर फोडजा."

विमानापाशी जावयांनी विचारलं, "मामाजी, सुटं काही नाही ना तुमच्याजवळ? आतमधी सुटं काही चालत नाही."

"काही नाही, बापू," मी म्हणालो. माझ्या मते नारळ सुटा नव्हताच, पिशवीत होता. पिशवी मी गुपचूप पायाशी ठेवली.

उमरेडच्या बाजूला गेलो. खाली कोळशाच्या खाणी. हवेत दोन-चार गचके बसले, मग विमान डावीकडे वळायला लागलं ते वळतच राहिलं. मला वाटलं, जावई खाण पुन्हा पुन्हा दाखवताहेत. मी म्हणालोसुद्धा, "पाहिली बापू ही. आता दुसरं काही दाखवा."

जावयांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. दोघांच्याही पायाशी पेडल असतात आणि ते एकमेकांना जोडलेले असतात, हे मला तेव्हा कुठं ठाऊक?

"मामाजी, पाय पेडलवर आहे काय तुमचा?"

"नाही बापू. मी तर पाय वर घेऊन बसलो."

"मग पायाशी काही आहे काय? पेडल अडकून राहिलं."

मी वाकून पिशवी चाचपली. रिकामी. आता शहाण्या माणसाच्या डोक्यात काय यायला पाहिजे होतं? माझ्या डोक्यात आलं, देवानं आपला नारळ आधीच उचलला, म्हणजे आता काळजी नाही. शिवाय एकदा नाही म्हणून बसलेल्या सासऱ्यानं जावयासमोर नारळाचा विषय काढायचा तरी कसा?

"काही नाही," मी म्हणालो.

"म्हणजे आतून काही तुटलं," ते हळूच म्हणाले. "नागपूरपर्यंत नाही जाऊ शकत आपण. शेतात उतरवतो. पट्टा घट्ट करा."

आज हसतोय, पण तेव्हा मी पट्टा आवळून दोन्ही हातांनी धरून बसलो. पोर डोळ्यांसमोर आली, स्वयंपाक झाकून आमची वाट बघत बसलेली. तिला जाऊन सांगेल कोण? सांगायला जाणारे दोघेही इथंच होते. मी डोळे मिटले आणि टेकडीच्या गणपतीला कबूल केलं, जिवंत उतरव, एकशे एक नारळ वाहतो.

सोयाबीन काढलेल्या शेतात आपटलो, उडालो, पुन्हा आपटलो. एक चाक मोडलं, पंख धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला टेकला. मग एकदम शांत झालं. जावयांनी आधी माझा हात धरला. "लागलं काय, मामाजी?"

शेताचा मालक धावत आला. आम्हाला बाहेर काढून पाणी पाजलं. "देवानंच वाचवलं गा तुम्हाले. नारळ फोडा लागते इथं. कोणाजवळ नारळ आहे काय?"

जावई तोवर काय तुटलं ते बघायला विमानात वाकले होते. बराच वेळ ते बाहेरच येईनात. आले तेव्हा त्यांच्या हातात शेंडीला धरलेला नारळ होता, माझ्या बाजूच्या पेडलमागून काढलेला.

ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. पण सासऱ्याला रागावतील कसे? ते नारळाकडे बघून म्हणाले, "काहून गा? तुले विचारलं होतं ना मी? दोनदा विचारलं होतं."

नारळ काही बोलला नाही. मीही नाही.

शेतमालकानं फोडायला हात पुढं केला तर म्हणाले, "नाही भाऊ. हा चौकशीवाल्याले दाखवा लागते."

घरी पोरीनं सगळं ऐकून घेतलं. आधी आम्हा दोघांना धरून रडली. मग कितीतरी दिवस माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "नवस बोलले तर फेडा, बाबा. पण एकेक नारळ न्या. अन् पायी जा."

तेव्हापासून दर मंगळवारी मी नारळ छातीशी धरून टेकडीकडे चालत निघतो. उन्हात एवढा म्हातारा पायी जाताना बघून लोकांना भारी कौतुक वाटतं. एखादा स्कूटर थांबवून म्हणतो, "बसा ना काका, सोडून देतो."

मी म्हणतो, "नको बाबा. माझ्याजवळ नारळ आहे."