चिकणमातीतली रोपं

आमच्या वन्संनी, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेनं, लग्न केलं नाही आणि कुणाचं ऐकलंही नाही. नातेवाइकांनी दोन्हींबद्दल तोंडसुख घेतलं. वन्संवर ढिम्म परिणाम झाला नाही.

त्या शेतीच्या संशोधन संस्थेत जिवाणूंवर काम करायच्या. माझी रोपवाटिका आहे. सकाळी टवटवीत असलेलं टोमॅटोचं रोप दुपारी मान टाकतं, तो मर रोग माझ्या चांगलाच ओळखीचा. वन्संचं काम त्याच रोगावर होतं.

एकदा वाफ्याशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, “अगं, हे जिवाणू थोडे असतात तेव्हा गरीब गाय. पण प्रत्येक जण एक द्रव्य सोडत असतो. ते वाढलं की त्यांना कळतं, आपली गर्दी झाली. मग सगळे मिळून मुळांवर तुटून पडतात.”

“मग मारून टाका की.”

“कशाला? त्याच मुळांवर दुसरा एक जिवाणू राहतो, तो ते द्रव्यच खाऊन टाकतो. निरोप पोचत नाही, हे बसतात वाट बघत.”

त्या दुसऱ्या जिवाणूची पूड करून वन्संनी काचगृहात रोपांना दिली. रेताड मातीत रोपं जगली. चिकणमातीत सगळी मेली. विभागप्रमुखांना पूड बाजारात आणायची घाई झालेली. ते म्हणाले, “चिकणमातीचा तक्ता अहवालातून काढा.” वन्संनी सही करायला नकार दिला. पुढच्या आठवड्यात काचगृहाचं कुलूप बदललेलं होतं.

मग रोपवाटिकावाल्यांसाठी संस्थेत कार्यक्रम झाला. मलाही बोलावणं होतं. वन्संना नव्हतं, तरी त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. विभागप्रमुख म्हणाले, “ही पूड कुठल्याही मातीत चालते.”

मी वन्संचा पदर धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि उभ्या राहिल्या.

“चिकणमातीत एकही रोप वाचलं नाही, सर. प्रयोग माझा होता.”

“बाई, हा विषय आपण केबिनमध्ये बोलू.”

“केबिनमध्ये बोलून झालं. रोपं हे लोक लावणार आहेत, म्हणून इथं बोलते.”

सभेत कुजबुज सुरू झाली. मागून एक रोपवाटिकावाला ओरडला, “आमची तर सगळी चिकणमातीच आहे!” मग प्रश्नांची सरबत्ती झाली आणि चहा न होताच कार्यक्रम आटोपला. पूड आली, पण बऱ्याच उशिरा, आणि पुडीवर ‘चिकणमातीत वापरू नये’ असं छापून.

वन्संची बदली बियाण्यांच्या गोदामात झाली. माझे यजमान म्हणाले, “ताई, राजीनामा देऊन मोकळी हो.”

“मी का देऊ? काढायचं तर त्यांनी काढावं.”

दिवसभर पोती मोजून त्या सुट्टीच्या दिवशी मैत्रिणीच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत जायच्या. तिथं त्यांना उलगडा झाला. चिकणमातीत पाणी तुंबतं, हवा खेळत नाही, आणि त्या दुसऱ्या जिवाणूला हवेशिवाय मुळांवर बस्तान बसवता येत नाही.

मध्यंतरी संस्थेतून निरोप आला: लेखी माफी मागा, काचगृह परत मिळेल. वन्संनी उत्तर धाडलं. त्यात माफी नव्हती, नव्या किल्लीची मागणी होती. ती अजून मिळालेली नाही.

माझ्या रोपवाटिकेमागे चिकणमातीचा एक तुकडा आहे. मर रोगानं तिथं कायमचा मुक्काम ठोकलेला, म्हणून मी तो टाकूनच दिला होता. यंदा वन्संनी तिथं उंच गादीवाफे केले, भरड वाळू मिसळली आणि पूड दिली. निम्मी रोपं जगली. मी हरखून गेले. कॉलेजातून तपासायला आलेल्या बाईही म्हणाल्या, “आता हे छापायला हरकत नाही.”

“छापू की,” वन्सं म्हणाल्या, “मेलेल्यांसकट.” आणि पदर खोचून त्या मान टाकलेली रोपं उपटायला वाकल्या.