भोक पडलेलं अंगुस्तान

माझ्या धाकट्या भावाच्या बायकोला मी ‘धाकटी’ म्हणते. आता ती पन्नाशीला टेकली, तरी धाकटीच. ती भंगारातून दागिने करते. हे वाक्य मी वीस वर्षं नाक मुरडून म्हणत आले. आता सरळ नाकाने म्हणते, त्याचं कारण सांगते.

त्यांच्या घराची मागची गॅलरी काचा लावून बंद केली आहे. तेच तिचं दुकान आणि तोच कारखाना. दर रविवारी सकाळी जुन्या बाजारात जाऊन ती काय काय उचलून आणते: टाइपरायटरची बटणं, बंद पडलेल्या घड्याळांची चाकं, कुलपांची पितळी झाकणं, फुटक्या बशीचा निळ्या फुलाचा तुकडा. त्या तुकड्याला चांदीची कड बसली की त्याचं पदक होतं, टाइपरायटरच्या दोन बटणांची कानातली होतात. भाऊ म्हणतो, घरातलं घड्याळ मागे पडलं तरी मी चकार शब्द काढत नाही, नाहीतर आठवड्याने ते कुणाच्या तरी गळ्यात दिसायचं.

तिचे नियम दोनच. जुनेपणाला हात लावायचा नाही, हा पहिला. पितळेचा काळसरपणा, कडेला आलेला पोचा, सगळं आहे तसं ठेवायचं. एक बाई ‘जरा चकचकीत करून द्या’ म्हणाल्या, तर हिने त्यांना सराफाच्या दुकानाचा पत्ता दिला. दुसरा नियम गिऱ्हाइकांसाठी. कुणी घरची वस्तू घेऊन आलं की त्याला समोर बसवायचं, वही उघडायची आणि विचारत सुटायचं. कुणाचं होतं? कुठे ठेवायचे? कुठल्या हातात धरायचे? माणसं सांगता सांगता रडतात, पाणी पितात, आणि मगच ती करवत उचलते. मला हे सगळं नाटक वाटायचं आणि मी तसं तिला ऐकवायचेही. माझ्या जिभेला हाड नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मागच्या वर्षी मी माझ्या आईचं अंगुस्तान तिच्या हातात दिलं. शिवताना सुई बोटात घुसू नये म्हणून घालतात ती पितळी टोपी. आई घरी शिवणकाम करायची. वडील लवकर गेले, तेव्हा आम्हा दोघा भावंडांना तिने त्या सुईवर वाढवलं. तिला जाऊन अठरा वर्षं झाली. मशीन गंजलं, कात्री हरवली, आणि फोटोत ती दर वेळी हललेलीच. माझ्याकडे राहिलं ते एवढं अंगुस्तान. ते रोज अंगावर असावं असं फार दिवस मनात होतं, म्हणून म्हटलं, याचं गळ्यातलं करून दे.

धाकटीने मला बसवलं, चहा दिला, पण वही काही उघडली नाही. घरचीच वस्तू, सासूबाईंचीच, त्यात विचारायचं काय, असं तिला वाटलं. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोन आठवड्यांनी तिने मखमली डबी पुढे केली. गळ्यातलं देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू. अंगुस्तानाच्या टोकाला एक भोक होतं, त्यावर तिने चांदीची इवलीशी चकती डाख देऊन जोडून वर लाल खडा बसवला होता. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

“भोक कुठे गेलं?” मी विचारलं.

“बुजवलं ना, ताई. फाटकं कसं देणार तुम्हाला?”

“फाटकं नव्हतं ते. शिवून शिवून पाडलं होतं तिने.”

ती डबी घेऊन तशीच उभी राहिली. मी चपला घातल्या आणि निघाले. पुढे पाच आठवडे आमचा अबोला. भाऊ बिचारा दोघींमध्ये पोस्टमन झाला.

मग एक दिवस तिचाच फोन आला. म्हणाली, वही उघडून बसले आहे, या. मी गेले, मुख्यतः अंगुस्तान तिच्याकडे होतं म्हणून. तिने आधी स्पष्ट सांगितलं: चकती काढता येईल, पण भोकाभोवतीचा पत्रा कांद्याच्या सालीएवढा पातळ आहे. काढताना फाटला तर काहीच हाती राहणार नाही. मी म्हटलं, काढ. ती म्हणाली, काढते, पण आधी सांगा.

मग मी सांगत बसले. आई दारातल्या उजेडात कशी बसायची, दोरा दाताने कसा तोडायची, भोक पडल्यावर आत चामड्याचा तुकडा घालून तेच अंगुस्तान कसं वापरत राहिली. तासभर बोलले. शेवटी तिने विचारलं, कुठल्या बोटात घालायच्या?

मला आठवेना. आईचा हात डोळ्यांसमोर येत होता, पण बोट काही दिसेना. पोटच्या पोरीला एवढंही माहीत नसावं याची मला फार लाज वाटली.

“मधल्या,” धाकटीच म्हणाली. “उजव्या हाताच्या. लग्नाआधी मी पहिल्यांदा आले होते ना तुमच्याकडे, तेव्हा त्यांनी माझं माप घेतलं. अंगुस्तान काढायला विसरल्या होत्या. इथे टेकलं होतं, गळ्याखाली. गार लागलं होतं.”

तिने वहीत तेही लिहून घेतलं, खडा उचकटून बाजूला ठेवला आणि बारीक ज्योत लावली. चकती सुटली तेव्हा कडेचा एक कण तिच्याबरोबर गेलाच. भोक मोहरीभर मोठं झालं, हे तिनेच मला भिंग देऊन दाखवलं. मी म्हटलं, असू दे, आई आणखी जगली असती तर एवढं झालंच असतं.

तिने नुसती साखळी ओवली आणि मागे येऊन माझ्या गळ्यात कडी अडकवली. अंगुस्तान गळ्याखाली येऊन टेकलं.

“गार लागलं?” तिने विचारलं.

“लागलं,” मी म्हटलं.