आई थांब म्हणेपर्यंत

माझ्या मुलीला लहानपणीच दुसऱ्या एका मुलाचं हृदय मिळालं. त्यानंतर आम्ही कसबा पेठेतलं जिन्यांचं घर सोडून धायरीला, लिफ्ट असलेल्या इमारतीत आलो. शाळेत खेळाच्या तासाला ती इतरांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसायची. ही सोय मीच बाईंना सांगून केली होती.

यंदा तिला कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर सिंहगड चढायचा होता. डॉक्टर नाही म्हणतील याची मला खात्री होती, म्हणूनच मी तिला तपासणीला नेलं.

ट्रेडमिलवर थोड्याच वेळात तिला धाप लागली. मी सवयीनं म्हणाले, "बस झालं." डॉक्टरबाईंनी मला हातानंच गप्प केलं आणि तिला विचारलं, "घरी कुठपर्यंत चालतेस?"

"आई थांब म्हणेपर्यंत."

तिच्या आवाजात तक्रारही नव्हती. पट्टा चालू राहिला. सावकाश ठोके वाढले आणि धाप कमी झाली. पुढे ती थांबली ती पाय भरून आले म्हणून.

डॉक्टरबाईंनी समजावलं. हृदय बदलताना त्याला मेंदूशी जोडणाऱ्या नसा तुटतात. शरीर चालायला लागलंय हे त्याला रक्तातून, उशिरा कळतं. तोवर धाप लागणारच. वेग कमी ठेवायचा, पण चालत राहायचं. थांबल्यावरही ते लगेच शांत होत नाही. हृदय छान आहे, पायांत मात्र जोर नाही. गड यंदा नको.

हे सगळं त्यांनी पूर्वीही सांगितलं होतं. मी औषधांच्या वेळा तेवढ्या लक्षात ठेवल्या. हृदय कामाला लागायच्या बेतात असायचं, नेमकी तेव्हाच मी तिला खाली बसवायचे. ज्या आईवडिलांनी ते दिलं, त्यांनी असं खुर्चीत ठेवायला दिलं नसणार.

मैत्रिणी गडावर जाऊन आल्या. तिनं फोटो पाहिले, मला दाखवले नाहीत.

आता रोज सकाळी आम्ही घराजवळची टेकडी चढतो. पहिल्याच चढाला तिला धाप लागते. माझ्या तोंडाशी आलेला शब्द मी गिळते. वर पोचल्यावर मी बाकावर टेकते. तिला लगेच बसायचं नसतं; ठोके उतरेपर्यंत ती माझ्यासमोर येरझाऱ्या घालते. तिची पाण्याची बाटली माझ्या मांडीवर असते.

परवा फेरी मारता मारता तिनं विचारलं, "कंटाळा येतो ना गं, नुसतं बसून?"

मी बाटली पुढे केली. तिनं ती घेतली नाही, पुढची फेरी मारायला गेली.