छायाकाकूंनी न लिहिलेली पायरी

दुबईत अल नहदातल्या आमच्या मजल्यावर छायाकाकू व्हिजिट व्हिसावर आल्या आणि आठवडाभरात लिफ्टमधल्या सगळ्यांशी ओळखी करून मोकळ्या झाल्या. ठाण्याच्या शाळेत जन्मभर भूमिती शिकवलेली बाई. काका गेल्यावर मुलाने, तन्मयने, त्यांना इथे आणलं. माझ्याकडे चहाला आल्या की माझ्या लेकीची, शुभ्राची, गणितं तपासायच्या. सिद्धतेतली एक पायरी गाळली तरी मार्क कापायच्या.

"बट इट्स ऑब्व्हियस, आजी!" शुभ्रा कुरकुरायची.

"तुला असेल. पेपर तपासणाऱ्याला नाही. डोक्यातलं कागदावर यायला हवं."

मला हसू यायचं, कारण स्वतःबद्दल ही बाई एक अक्षर सांगत नसे. गुडघा दुखतोय असं कधी म्हणणार नाहीत. "आज खाली नको, ऊन फार आहे," म्हणायच्या, तेही सूर्य मावळल्यावर.

व्हिसा संपत आला तेव्हा तन्मयने जेवताना विचारलं, "आई, इथेच राहतेस का? पेपर्स करतो."

"कशाला रे, उगाच तुमची अडचण," काकू म्हणाल्या.

त्याने मान डोलावली आणि परतीचं तिकीट काढलं.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या. समोरचा चहा निवून गेला. "ठाण्याला आता बोलायला कोण आहे?" एवढंच म्हणाल्या. मला तन्मयचा असा संताप आला! त्यांना तिथेच बसवून मी तडक शेजारी गेले.

"अहो ताई, आईच नाही म्हणाली. शी वॉज क्लिअर," तो गोंधळून म्हणाला.

त्याची बायको समिधा जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका ऑफिसात कंपन्यांचे करार तपासते. लॅपटॉपवरची नजर न काढता ती म्हणाली, "तन्मय, करारात नसल्या तरी काही अटी धरायच्याच असतात. घर भाड्याने दिलं की किल्ली द्यायचीच. ते कुणी लिहीत बसत नाही."

"मग तू का नाही थांबवलंस?"

"मी म्हटलं तर त्यांना वाटेल, घरकामाला थांबवतेय. तू म्हणायला हवं."

मीही सुनावलं. आपल्यात पहिल्या 'नको'ला कुणी 'नको' समजतं का? पाहुण्याच्या पानात पोळी वाढताना आपण दोन-तीनदा आग्रह करतो, आणि आईला एकदाच विचारायचं?

तन्मय उठून माझ्या मागोमाग आला आणि काकूंच्या पायाशी जमिनीवर बसला.

"आई, नको जाऊस."

"अरे, समिधाला..."

"तिलाही तू हवी आहेस."

"तिकीट काढलंस ना?"

"कॅन्सल करतो. खलास. आई, मला तू इथे हवी आहेस."

काकू बराच वेळ त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

"मला तिथे एकटीला भीती वाटते रे," त्या म्हणाल्या. "रात्री दाराची कडी तुझे बाबा लावायचे."